नांग्या भरण्याआधी

पावसाळा सरून ऑक्टोबरची उन्हे तापू लागली की तालुक्याच्या गावातल्या कृषी सेवा केंद्रांत एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो. मोबाइलच्या पडद्यावर पिवळ्या पडलेल्या डहाळीचा फोटो असतो. जून-जुलैत लावलेल्या आंब्याच्या कलमाचा असेल, संत्र्याच्या किंवा डाळिंबाच्या रोपाचा असेल. प्रश्न दोनच शब्दांचा : ‘काय मारू?’ समोरून बहुधा तीन जिन्नस येतात, एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली. तिन्हींतले काहीतरी लागू पडेल, असा त्यामागचा हिशेब. झाड सावरले तर श्रेय बाटलीला जाते, मेले तर दोष ‘रोगा’ला जातो, आणि पुढच्या मृगात त्याच खड्ड्यात दुसरे कलम लावून नांगी भरली जाते. त्या रोगाचे नाव काय होते, तो आला कुठून आणि शेजारच्या झाडाला का झाला नाही, हे कोणी विचारलेले नसते.

माझे म्हणणे असे की लागवडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत फळझाड आजारी पडते तेव्हा कारण बहुतेक वेळा जमिनीखाली असते आणि ते आजचे नसते. ते रोपवाटिकेत, खड्डा भरताना किंवा पहिल्या पावसात घडून गेलेले असते. पानावर दिसते ती त्याची उशिरा पोचलेली बातमी. म्हणून नव्या झाडाचे निदान मुळापासून वर चढत करायला हवे आणि फवारणीचा निर्णय त्या क्रमात शेवटी यायला हवा. हे पटवून देणे वाटते तितके सोपे नाही. नव्या पालवीवर किडी पडतात, खरे रोगही येतात, आणि शेतकऱ्याला रोज दिसते ते पानच. या आक्षेपांना उत्तर देण्याआधी नवे झाड जुन्यापेक्षा कशाने वेगळे असते ते पाहिले पाहिजे.

वीस वर्षांच्या आंब्याची मुळे मूळ खड्ड्याच्या कितीतरी पलीकडे गेलेली असतात. एका बाजूला पाणी साचले, कुठे कातळ लागला, तर ती दुसरीकडून ओढतात. झाड चुका पचवते. नव्या कलमाचे सगळे जग म्हणजे पिशवीएवढी मातीची हुंडी आणि तिच्याभोवतीचा मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा. त्या खड्ड्यात जे असेल तेच त्याच्या वाट्याला येते. शिवाय लागवड होताना त्याची काही बारीक मुळे तुटतात, आणि पाणी शोषणारी असतात ती नेमकी हीच. म्हणजे वर पाने तेवढीच आणि खाली मुळे कमी, अशा तुटीत ते उभे असते. नवी मुळे हुंडीबाहेर पडून खड्ड्यातली माती धरेपर्यंत ही तूट भरून निघत नाही.

इथेच पहिली फसगत होते. लागवडीनंतर महिना-दीड महिन्यात कलमाला तांबूस पालवी फुटते आणि झाड ‘लागले’ असे समजून सगळे निर्धास्त होतात. पण ही पालवी बऱ्याच अंशी खोडात आणि मुळांत आधीच साठलेल्या अन्नावर फुटते. ते अन्न रोपवाटिकेत तयार झालेले असते. मूळ एक इंचही पुढे सरकले नसताना अशी एखादी पालवी येऊ शकते. झाड खरोखर लागले की नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या पालवीला कळते, साठा संपून मुळांच्या कमाईवर जगायची वेळ येते तेव्हा. जुलैत लावलेले झाड ऑगस्टमध्ये हिरवेगार असते आणि डिसेंबरात मान टाकते, तेव्हा डिसेंबरात काहीतरी अरिष्ट आले असे वाटते. पुष्कळदा ते झाड ऑगस्टपासूनच उसन्यावर जगत असते. आजार दिसल्याची तारीख ही आजार सुरू झाल्याची तारीख धरू नये, हा निदानाचा पहिला नियम यातून निघतो.

दुसरी फसगत पाण्याची. पाणी कमी पडले की पाने मलूल होतात, हे सर्वांना माहीत आहे. पाणी जास्त झाले तरी ती तशीच मलूल होतात, हे माहीत असूनही ऐनवेळी आठवत नाही. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजतात आणि कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पायाखाली चिखल असताना झाड तहानेने सुकते. वरून पाहणारा ‘पाणी कमी पडतेय’ म्हणतो आणि आणखी पाणी सोडतो. झाडाची लक्षणे दोन्ही बाबतींत जवळजवळ सारखी असतात. पाने लोंबतात, खालची पाने पिवळी पडून गळतात, शेंडा वाढत नाही. पान कितीही निरखून पाहिले तरी या दोन उलट कारणांचा फरक खात्रीने सांगता येत नाही. एक वीत खाली खुरपी घालून मूठभर माती दाबून पाहिली की तो मिनिटभरात कळतो. माझ्या म्हणण्याचा सगळ्यात साधा पुरावा हाच आहे.

महाराष्ट्रात हा घोळ दोन प्रकारांनी होतो. विदर्भात आणि मराठवाड्यात भारी काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात शेणखत, पोयटा अशी भुसभुशीत भर घातली जाते. सभोवतालची चिकण माती पाणी सहज मुरू देत नाही; खड्ड्यातली भर ते पटकन पिते. पावसाळ्यात तो खड्डा रांजणासारखा भरून राहतो आणि झाडासाठी केलेली मेहनतच झाडाला बुडवते. कोकणात प्रकार वेगळा. तिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मग पुढच्या मृगापर्यंत जवळजवळ थेंब नाही. जांभ्याच्या कातळात सुरुंगाने किंवा पहारीने खड्डा काढला आणि त्याच्या तळाला भेग नसली तर पावसाळ्यात तिथे पाणी तुंबते. त्याच खड्ड्यातले कलम फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरडे पडते, कारण कातळात मूळ खाली जाऊच शकलेले नसते. एकच झाड आधी पाण्याने अर्धमेले होते आणि नंतर पाण्यावाचून मरते. मे महिन्यात त्याचे निदान ‘उन्हाने गेले’ असे होते. उन्हाने ते गेले हे खरे, पण त्याला उन्हापुढे लुळे करून ठेवले ते जुलैच्या पाण्याने.

म्हणून तपासाची सुरुवात खड्ड्यापासून व्हावी. लागवडीआधी रिकामा खड्डा पाण्याने भरावा, ते मुरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी खोल खड्ड्यापेक्षा गादीवाफ्यावर, उंचवट्यावर लावलेले झाड बरे. शिवाय पाणी बाहेर काढणारा चर हवा. लागवड होऊन गेली असेल तर हुंडीच्या कडेला, खुरपीने एका बाजूची माती अलगद बाजूला करून मुळे पाहावीत. जिवंत बारीक मुळे पांढरट किंवा फिकट पिवळी आणि टणक असतात. गुदमरलेली मुळे तपकिरी-काळी, मऊ होतात आणि मातीला आंबूस कुजकट वास येतो. संत्र्या-मोसंबीत मूळ चिमटीत धरून ओढले आणि वरची साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा राहिला, तर फायटोप्थोरा या मूळकूज करणाऱ्या रोगकारकाचा दाट संशय घ्यावा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. पेरू आणि डाळिंबात हे विशेष पाहावे. मुळे पांढरी आणि निरोगी आहेत पण माती भुग्यासारखी कोरडी, तर पाण्याची तहान. मुळे निरोगी, माती वाफशावर आणि तरीही झाड पिवळे, एवढे ठरल्यावर मगच पानाकडे वळण्यात अर्थ आहे.

खड्ड्याइतकाच दोष पिशवीत असू शकतो. रोपवाटिकेत झाड त्याच पिशवीत फार काळ राहिले की सोटमूळ तळाला पोचून वळते आणि गोल गोल फिरू लागते. असे कलम लावल्यावर वर्षभर बरे दिसते, पण मुळांचा वेढा सुटत नाही आणि झाड वाऱ्यात हलते, वाढ खुंटते. लावताना पिशवी फक्त तळाला फाडून तशीच ठेवणारेही पुष्कळ आहेत. दोन वर्षांनी झाड उपटले तर मुळे अजून पिशवीच्या आकारातच निघतात. तिसरा दोष ओळखायला आणखी अवघड. पिशवीतली माती लाल, हलकी आणि शेतातली काळी, भारी असली की दोघींच्या सीमेवर पाणी अडखळते. भोवतीचा खड्डा ओला असताना हुंडी कोरडी राहू शकते. ठिबकची तोटी हुंडीपासून फूटभर दूर असेल तर शेतकऱ्याला रोज ओली माती दिसते आणि झाड मात्र पाण्याजवळ असून उपाशी असते. म्हणून माती दाबून पाहायची ती दोन ठिकाणची, खड्ड्यातली आणि खुद्द हुंडीतली.

मग कलमाचा सांधा. आंब्याचे मृदकाष्ठ कलम किंवा कोय कलम बांधताना जी प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात, ती वेळेवर सोडली नाही तर खोड जाड होऊ लागताच आवळत जाते. पट्टीच्या वर फुगीर गाठ आणि खाली बारीक खोड, हे त्याचे लक्षण. पाने तोवर फिकट होऊ लागलेली असतात आणि उपाय मात्र ब्लेडच्या एका कापाचा असतो. सांधा मातीत गाडला गेला तर बुंध्याला ओल लागून कूज येते. संत्र्यात डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरलेला असावा असे सांगतात त्याचे कारणही हेच : जंबेरी खुंटावरचा संत्रा बुंध्यापाशी ओल सहन करत नाही. दुसरा प्रकार त्याच्या उलट, झाड आजारी नसून फारच जोमात दिसते. सांध्याखालून खुंटाला फुटवे येतात, तेच वर जातात आणि हापूसची काडी मागे पडून वाळते. चार वर्षांनी रायवळ आंबा हाती येतो. संत्र्याच्या बागेत काटेरी, मोठ्या पानांचे जंबेरीचे फुटवे हाच खेळ करतात. ‘कलम वाळले’ या तक्रारीत बुरशीचा शोध घेण्याआधी सांध्याखाली काय फुटले आहे ते पाहावे.

आता पानाची बाजू. पान खोटे बोलते असे मी म्हणत नाही. अन्नद्रव्यांच्या बाबतीत ते बरेच नेमके सांगते, फक्त कोणते पान पिवळे आहे हे विचारले पाहिजे. नत्र कमी पडला की झाड जुन्या पानांतला नत्र नव्या पालवीकडे नेते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते : शिरा हिरव्या, मधला भाग फिकट पिवळा. जस्त कमी असले की पाने लहान, अरुंद आणि झुपक्याने येतात. क्षार जास्त झाले की पानाचे टोक आणि कडा करपतात. ही लक्षणे वाचता आली की बरीच बुरशीनाशके वाचतात. पण इथेही शेवटचे उत्तर जमिनीकडेच जाते. विदर्भातल्या चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. सामू आठच्या पुढे गेल्यामुळे ते झाडाला घेता येत नाही. अशा जमिनीत हिराकस टाकले तर तेही थोड्याच काळात अडकून पडते. ईडीटीएशी बांधलेले लोहही इतक्या सामूला फार टिकत नाही. ईडीडीएचएशी बांधलेले टिकते, पण ते महाग असते. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असलेल्या जमिनीत संत्रा लावू नये ही शिफारस त्यातूनच आली. आणि ज्या मुळांना हवा नाही त्यांनाही लोह उचलता येत नाही. पावसाळ्यात पिवळी पडलेली पालवी वाफसा येताच आपोआप हिरवी होते, तेव्हा ती कमतरता मातीतली नव्हती, पाण्यातली होती. मधल्या काळात फवारलेल्या बाटलीला मात्र त्याचे श्रेय मिळालेले असते.

एका झाडावरून न कळणारी गोष्ट पुष्कळदा सगळी बाग एकदम पाहिल्यावर कळते. शेताच्या कडेला उभे राहून आजारी झाडे कशी पसरली आहेत हे कागदावर टिपावे. सरळ ओळीत आजारी असतील तर कारण बहुधा माणसाच्या हातचे असते : ठिबकची तुंबलेली नळी, तणनाशकाचा उडालेला फवारा किंवा एकाच खेपेत आलेली रोपे. खोलगट भागात किंवा एका पट्ट्यात असतील तर माती आणि निचरा तपासावा. विखुरलेली असतील आणि दर आठवड्याला शेजारची झाडे त्यात सामील होत असतील, तर खरा संसर्ग किंवा कीड. तणनाशकाची ओळख पटवणारी खूणही वेगळी असते. ग्लायफोसेट लागले तर नवी पाने अरुंद आणि झुपक्याने येतात. शेजारच्या उसा-गव्हावरचे टू-फोर-डी वाऱ्याने आले तर पाने पिळवटतात, वाटीसारखी होतात. ही पाने विषाणूने आकसलेली वाटतात आणि त्यावर कीटकनाशक मारले जाते. ओळीच्या कोणत्या टोकाला त्रास जास्त आहे, वारा कुठून होता, शेजाऱ्याने फवारणी कधी केली, या तीन प्रश्नांनी तो पैसा वाचतो.

पहिला आक्षेप असा येईल की या सगळ्यात किडी-रोगांना फारच कमी लेखले आहे. नव्या आंब्याची कोवळी पाने कात्रीने कापल्यासारखी खाली पडतात तेव्हा ते पाने कातरणाऱ्या भुंग्याचेच काम असते. शेंडा पोखरणारी अळी, पालवीवरचा करपा, संत्र्या-लिंबावरची नागअळी, फुलपाखराच्या अळ्या, सायला, खोडाशी लागलेली वाळवी, शेणखतातून आलेली हुमणी, हे सगळे खरे आहे आणि त्यांना उपाय करावाच लागतो. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यातल्या बहुतेक किडी स्वतःची खूण मागे सोडतात. कातरलेली पाने, चांदीसारख्या नागमोडी रेषा, विष्ठा, मातीचे पापुद्रे, छिद्रे यांतले काही डोळ्यांना दिसते. ज्या झाडावर अशी एकही खूण नाही आणि तरी ते पिवळे-मलूल आहे, तिथे किडीचा संशय धरायला आधार काय? शिवाय वाळवी आणि हुमणी बऱ्याचदा अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर खड्ड्यात येतात, म्हणजे तिथेही शोध खड्डा भरण्याच्या दिवसापर्यंत जातो.

रोगांच्या बाबतीत सर्वांत बळकट उदाहरण फायटोप्थोराचे. संत्र्याची मूळकूज आणि डिंक्या हे विदर्भाचे खरेखुरे संकट आहे आणि त्यावर मेटॅलॅक्झिल, फोसेटिल एएल यांसारखी औषधे गुण देतात. बुंध्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावण्याची शिफारसही तिथे सर्वांना ठाऊक आहे. पण या रोगकारकाची बीजुके पाण्यात पोहून मुळापर्यंत जातात. पाण्याने भरलेली माती ही त्यांची वाट. म्हणून खोडाला पाणी लागू नये यासाठी दुहेरी आळे करतात, आतले आळे कोरडे आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. औषध दिले आणि आळे तसेच ठेवले तर रोग परत येतो. शिवाय तो शेतात पहिल्यांदा येतो कुठून? पुष्कळदा रोपाबरोबर. वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटसारख्या ठिकाणी संत्र्याच्या रोपांचा मोठा व्यापार आहे. पारंपरिक पद्धतीत ही रोपे शेताच्या उघड्या जमिनीत वाढतात आणि उपटून विकली जातात. त्या जमिनीत फायटोप्थोरा असेल तर तो प्रत्येक रोपाच्या मुळांशी नव्या शेतात जातो. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक माध्यमात, पिशवीत, जमिनीपासून वेगळी रोपे वाढवण्यावर भर दिला तो यामुळेच. म्हणजे रोग खरा असला तरी त्याचा उगम आणि त्याची वाढ दोन्ही मुळाशीच सापडतात. डाळिंबाच्या तेल्या रोगाचेही काहीसे तसेच आहे : तो पानाफळांवर दिसत असला तरी रोगट मातृवृक्षाच्या गुटीबरोबर नव्या बागेत येऊ शकतो.

दुसरा आक्षेप वापरातल्या अडचणीचा : आधीच अशक्त झालेल्या झाडाची मुळे उकरायची, म्हणजे ते मरायचेच. हा रास्त मुद्दा आहे आणि त्यामुळेच झाड उपटायचे नाही, एका बाजूला हातभर लांबीचा उथळ चर काढून पाहायचे. वाफसा असताना, ऊन उतरल्यावर, आणि पाहून झाले की लगेच माती ओढून हलके पाणी द्यायचे. एका बाजूची थोडी बारीक मुळे तुटल्याने झाड मरत नाही. तेवढ्यानेही जे मरेल ते आधीच वाचण्यापलीकडे गेलेले असते. शंभर झाडांतली दोन-तीन अशी पाहिली तरी बाकीच्यांचे कळते. वाचेल की नाही हे ठरवायला नखाने खोड खरवडावे. साल खाली हिरवी आणि ओली असेल तर जीव आहे. शेंड्याकडून खाली वाळत येत असेल तर पाणी, ऊन किंवा पालवीवरचा करपा. बुंध्याकडून वर काळे पडत असेल तर कूज किंवा वाळवी.

तिसरा आक्षेप अधिक पक्का : शेतकऱ्याकडे वेळ नाही, माती-पाण्याचे अहवाल उशिरा येतात, पण फवारणी आज करता येते आणि तिचा खर्च झाडाच्या किमतीपुढे थोडा आहे. विमा म्हणून मारली तर बिघडले काय? बिघडते ते असे. नुकतेच लागलेले झाड तणावात असताना दोन-तीन औषधे एकत्र मिसळून, उन्हाच्या वेळी मारली तर कोवळी पाने करपतात आणि मूळ तक्रारीवर एक नवीन तक्रार चढते. पिवळे दिसले म्हणून बुंध्याशी टाकलेला मूठभर युरिया आधीच कमी असलेली बारीक मुळे जाळतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे फवारणी केल्यावर काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि तपास थांबतो. पाणी तुंबलेला खड्डा आठवडाभर तसाच राहतो आणि मुळांना तेवढा आठवडा पुरतो. वेळेचे म्हणाल तर माती दाबून पाहणे, सांधा पाहणे, खरवडणे आणि बाजूची मुळे पाहणे याला अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ती लागते पुढच्या टप्प्याला, सामू, चुनखडी आणि क्षार ठरवायला, आणि तेही खरे तर लागवडीआधीच व्हायला हवे.

चौथा आक्षेप सरकारी आणि संशोधनाच्या बाजूने येऊ शकतो : रोगमुक्त रोपे मिळू लागली की हे प्रश्न सुटतील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १,७६५ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. त्यातल्या नऊ केंद्रांपैकी द्राक्षासाठी पुणे, लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर अशी तीन महाराष्ट्राच्या वाट्याला आली. हे पाऊल योग्यच आहे आणि माझ्या म्हणण्याला पूरकही, कारण रोग लागवडीआधी सुरू होतो हे त्यात गृहीत धरले आहे. पण विषाणूमुक्त रोपही तुंबलेल्या खड्ड्यात गुदमरते आणि पिशवीत वेढलेले मूळ प्रमाणपत्राने सरळ होत नाही. कोरडवाहू आणि कातळाच्या जमिनीत जागेवर कलम करण्याची पद्धत सुचवली जाते ती याच अनुभवावरून : कोय खड्ड्यातच रुजवायची, सोटमूळ मोकळेपणी खाली जाऊ द्यायचे आणि मग त्या रोपावर काडी बांधायची. तिथे झाडाचा जीव वाचतो तो मुळाला मोडावे, वळावे लागत नाही म्हणून. ज्यांनी ही पद्धत रुजवली त्यांनी निदान झाड मरण्याआधीच केले, असे म्हणायला हरकत नाही.

यातून एक धोरणात्मक प्रश्न उभा राहतो. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि त्यानंतर राज्यात लाखो हेक्टरवर फळझाडे उभी राहिली. २०१८-१९ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून मिळते आणि पुढचा हप्ता झाडे किती जगली यावर अवलंबून असतो. जगलेल्या झाडांवर पैसा देण्याची कल्पना शहाणपणाची आहे. त्यामुळे खड्डे खणून विसरून जाणे परवडत नाही. पण तिचा एक परिणाम असा की जिवंत झाड मोजले जाते आणि मेलेले झाड लवकरात लवकर बदलले जाते. ते का मेले याची नोंद ठेवायला ना अर्जात रकाना, ना तपासणीत वेळ. एखाद्या तालुक्यात एका रोपवाटिकेची झाडे वारंवार बुंध्यातून कुजत असतील किंवा एका गावाच्या शिवारात दरवर्षी खोलगट भागातलीच नांगी भरावी लागत असेल, तर ही माहिती शेकडो शेतांत विखुरलेली राहते. रोपवाटिकांना परवाना बंधनकारक करणारा कायदा राज्यात १९६९ सालापासून आहे. तो परवाना खऱ्या अर्थाने कामाचा ठरायचा तर त्या रोपवाटिकेतून गेलेली किती झाडे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पोचली आणि न पोचलेली कशाने गेली हे कुठेतरी लिहिले जायला हवे.

ही नोंद अवघड नाही. नांगी भरण्यासाठी मेलेले झाड उपटावेच लागते. त्या वेळी मुळे वेढलेली होती का, काळी होती का, गाठी होत्या का, पिशवी अंगावर होती का, सांध्याखाली फुटवे होते का, तळाशी पाणी होते का, एवढ्या सहा गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहिता येते, आणि त्यासोबत रोपवाटिकेचे नाव व लागवडीची तारीख. कृषी विभागाच्या तपासणीत हा एक कागद आला तर दोन-तीन हंगामांत तालुक्यापुरते का होईना, झाडे कशाने मरतात याचे पहिले विश्वसनीय चित्र हाती येईल. शेतकऱ्यापुरते बोलायचे तर नियम आणखी लहान आहे : जुने झाड का गेले हे सांगता येत नसेल तर त्या खड्ड्यात नवे लावू नये. खड्डा तुंबत असेल तर आधी चर काढावा, मूळकूज असेल तर ती माती बदलून जागा सरकवावी, रोपच सदोष असेल तर पुढची खेप दुसरीकडून घ्यावी. यातले काहीच करायचे नसेल तर ती जागा मोकळी सोडणे स्वस्त पडते, कारण न तपासलेल्या खड्ड्यात लावलेले दुसरे झाड पहिल्याच्याच कारणाने मरते आणि त्याची किंमत शेतकरी दुसऱ्यांदा मोजतो.